दाढ दुखतच नव्हती

"डॉक्टर, मुलीने जास्त बडबड केली तर तिचा जबडा निखळतो का हो?"

शाळेच्या हॉलमध्ये हशा पिकला. तिच्या मैत्रिणीने, मानसीने तर ओढणीचा बोळाच तोंडात कोंबला. पैज तिनेच लावली होती: महाडच्या डेपोसमोरचा वडापाव, पण प्रश्न माईकवर विचारायचा. राजनंदिनी उठली ती पैजेच्या तोऱ्यात. प्रश्न मात्र तुडीलच्या तिच्या घरातलाच होता. घास चावताना तिच्या उजव्या कानापुढे कट्ट वाजलं, की आईचं ठरलेलं, "दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. बिजागरी वाजणार नाय तर काय!"

दात तपासायला आलेली डॉक्टर तरुण होती. ती हसली नाही.

"बोलल्याने नाही निखळत. तुझा वाजतो का?"

"वाजतो. सकाळी तर अडकतो. जांभई अर्ध्यावरच राहते."

"इकडे ये बघू."

डॉक्टरने तिच्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवून तोंड हळूहळू उघडायला लावलं. कट्ट! पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. "बघा, हनुवटी एका बाजूला सरकते," डॉक्टर मुलींना म्हणाली. मग तिने प्रश्नांची सरबत्तीच लावली. उठल्यावर कानशिलं ठणकतात? ठणकतात. कान दुखतो? दुखतो, थेंब घालून घालून कंटाळा आला. झोपेत दात खातेस? "आई म्हणते, उंदीर कुरतडतोय असं वाटतं."

आरशाच्या दांड्याने डॉक्टरने एकेक दाढ ठोकून पाहिली. एकही दुखली नाही. मागे जाऊन आरसा थांबला.

"इथली दाढ कुठे गेली?"

"पोलादपूरला काढली. दुखत होती म्हणून."

"मग दुखणं थांबलं?"

राजनंदिनीने नकारार्थी मान हलवली. थांबलं कुठे होतं? म्हणून तर या गुरुवारी शेजारची दाढ काढायची ठरली होती.

"दाढांना काही झालेलं नाही गं," डॉक्टर म्हणाली. "हे दुखणं सांध्याचं दिसतंय, कानापुढच्या. कळ मात्र दाढेत जाते, कानात जाते, माणूस फसतो. महाडला आमच्या दवाखान्यात ये, नीट तपासू. तोवर मऊ खा, शेक घे, मोठा आ करू नकोस. आणि दिवसा दात आवळून बसतेस का?"

बसते! घरात कोणी 'गप' म्हटलं की ती हेच करायची. तोंडाशी आलेलं उत्तर परत आत ढकलायचं आणि वर दातांचं कुलूप.

"ते सोड आधी. त्याने दुखणं वाढतं."

बाहेर मानसी गळ्यात पडली. "जिंकलीस गो नंदे! चल, वडापाव."

"तूच खा. एवढा आ मला होत नाय."

मानसी हसली. राजनंदिनीला हसू आलं नाही. तिची जीभ सारखी त्या रिकाम्या जागेत जात होती. धडधाकट दाढ! मुळापासून उपटली! एसटीत बसल्यावर राग आणखी चढत गेला.

ती पहिली दाढ काढायचं ठरलं होतं वाघजाईच्या देवळात. पप्पांनी कौल लावला होता. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवायची; उजवं आधी पडलं तर काढायची, डावं पडलं तर ठेवायची. उजवं पडलं. गावात कोणाला त्यात नवल वाटलं नाही. बोअर कुठे मारायची, सोयरीक करायची की नाही, सगळं तिथेच विचारतात. तिचा राग देवीवर नव्हताच. देवीला विचारलं काय, तर काढू का? नक्की काय दुखतंय, हे विचारलंच नाही. ना देवीला, ना जिच्या तोंडात दाढ तिला!

घरी पप्पा ओटीवर होते, आई वालाच्या शेंगा सोलत होती.

"माझी चांगली दाढ काढलीत तुम्ही!"

"काय गो झालं? दप्तर तरी ठेव खाली," आई म्हणाली.

राजनंदिनीने सगळं सांगितलं, एका दमात, दप्तर पाठीवर ठेवूनच. पप्पांनी मान झटकली. "शाळेत येणाऱ्या शिकाऊ पोरी त्या. त्यांना काय ठाव? देवीनं उजवा दिला ना?"

"तुम्ही विचारलंत त्याचाच दिला! दाढच दुखते, हे कोणी ठरवलं? तुम्हीच ना?"

"आवाज खाली कर," आई पुटपुटली. "शेजारी ऐकतील. उद्या पोरीच्या जबड्यात खोट हाय म्हणून गावभर होईल."

"होऊ दे! अख्खी बत्तीशी काढून हातात द्या माझ्या, मग काय बोलतील?"

तिने आईचा हात खेचला, तिची बोटं स्वतःच्या कानापुढे दाबून धरली आणि तोंड उघडलं. कट्ट. चटका बसावा तसा आईने हात मागे घेतला.

"ही दाढ हाय, आई? दाढ इथं असते?"

आई बोटांकडे बघत राहिली. शेंग मांडीवरून घरंगळली, ती तिने उचललीही नाही.

"लय झालं, नंदे. गप बस," पप्पा उठले.

सवयीने तिचे दात एकमेकांवर बसले. कानशिलात कळ उठली. तिने जबडा सैल सोडला आणि पप्पांच्या डोळ्यांत बघितलं.

"गुरुवारी मी पोलादपूरला येणार नाय. महाडला जाणार, त्या डॉक्टरकडे. तुमच्यातलं कोणी आलं तर बरं, नाय तर शाळेतल्या बाईंना घेऊन जाईन. पण कुठं दुखतंय, ते तिथं मीच सांगणार."