श्वासावर निघालेला फोटो

आमच्या घरात कप फुटला तरी मले कोनी सांगत नाई. तुकडे गपचूप उचलतात, अन् दुसऱ्या दिवशी तसाच नवा कप फळीवर दिसते. काहून? तर भागिरथाले बीपी हाये. भागिरथा म्हंजे मी. मेडशी गावात कोनालेही ईचारा, सांगतीन, ते तापट बाई न, इंद्रभानची? तेच मी.

माहा सख्खा भाऊ तीन दिवस आयसीयूत होता. तो घरी येऊन, भाकर खाऊन ढेकर देऊन राह्यला, तवा मले समजलं. "तुहं बीपी वाढलं असतं वं," इंद्रभान म्हने. नवरा माहा गरीब मानूस. मी तोंड उघडलं की तो आपल्या ओठावर बोट ठेवते. बीपी निघाल्यापासून सहा वर्षं मी ते बोट पाहून राह्यली. मले कोनी काही सांगत नाई याचाच मले राग येते, अन् राग आला की म्हनतात, पाय, म्हनूनच सांगत नाई. घ्या आता!

चार-चार गोळ्या खाऊनही वरचा आकडा एकशे नव्वदच्या खाली उतरेना. तवा वाशिमच्या डॉक्टर निता मॅडमनं मले समोर बसोलं. मॅडम तांड्यावरच्या, बोलनं सरळ.

"मावशी, राग साऱ्यालेच येते. रागानं आकडा असा मुक्काम करून बसत नाई. किडनीले रक्त नेनारी नळी आवळली असन, तर किडनीले वाटते, अंगात रक्तच कमी हाये. मंग ते निरोप धाडते, दाब वाढवा, दाब वाढवा."

"म्हंजे ओरडून राह्यली किडनी, अन् बदनाम मी?"

मॅडम हासल्या. सोनोग्राफीत पोटातल्या गॅसानं नळी दिसली नोयती. रंगाचं इंजेक्शन देऊन फोटो काढाव, तर थकलेल्या किडनीले ते झेपनार नोयतं. "बिना इंजेक्शनचा एमआरआय करू," त्या म्हनल्या. "फक्त तुमच्या श्वासाची साथ पायजे. फोटो नीट आला तर इलाज सापडन. नाई आला तर अंधारात गोळ्या वाढवत बसाव लागन."

दोघी गेलो स्कॅन सेंटरात, मी अन् माही लेक स्नेहा. इंद्रभान बाहेर बाकड्यावर बसला, झोळी मांडीवर घेऊन. स्नेहा पुन्याहून पंधरा दिवस झाले आलेली. आफिसचं काम घरूनच हाये म्हने. जावईबापूंचा, रवीचा, विषय काढला की ओढनी सारखी करे अन् चहा मांडाले उठे. मी चहा पेऊन पेऊन थकली होती.

तथची अंजू नावाची पोरगी लय चटपटीत. "मावशी, अंगात कुठं लोखंड? स्टेंट, पेसमेकर, सळई?"

"राग हाये."

"तो चालते," ते म्हनली.

तिनं आमच्यापुढं दोन ट्रे ठेवले. घाबरनाऱ्या पेशंटसंगं घरचं एक मानूस आत बसू शकते, पन त्यानंही सारं धातूचं काढाव लागते. माह्या ट्रेमंदी जोडवी, कानातले, बांगड्या, काळी पोत पडली. स्नेहानं घड्याळ काढलं, केसातल्या पिना काढल्या.

"ताई, ओढनीले टिकल्या हायेत. ते पन काढा."

स्नेहा थांबली. मंग तिनं ओढनी काढली.

तिचा गळा रिकामा होता.

आजकालच्या पोरी मंगळसूत्र घालत नाईत, मले समजते. पन ते पोत मी ओवली होती. तिच्यात माह्या सासूचे दोन मनी होते. "आई, मी हे आंघोळीतही काढत नाई," असं स्नेहा म्हने. अन् आता मी पायलं, तर तिचा हात झटकन गळ्यावर गेला, काही चोरीचं झाकल्यावानी. तिच्या ट्रेमंदी पिना अन् घड्याळ. बस.

मी बोलाले तोंड उघडलं. बोलनार होती, देवाशपथ. पन अंजूनं मले पाटावर निजोलं, पोटावर एक पट्टा बांधला, आवाज कमी याव म्हनून कानाले गुट्टे लावले.

"मावशी, हा पट्टा तुमचा श्वास पायते. श्वास सोडून पोट खाली बसलं की मशीन फोटो घेते. श्वास रोकू नका, पळवू नका. निवांत."

निवांत! माह्या लेकीचा गळा रिकामा, अन् मी निवांत!

पाट आत सरकला. वर पांढरी कमान, नाकाशी. ठकठक सुरू झाली. मी डोळे मिटले तर तोच गळा. कवा काढली तिनं पोत? कोनाकोनाले माहीत हाये? इंद्रभानले माहीत हाये, नक्की माहीत हाये, तो मेला चार दिवसांपासून माह्या नजरेले नजर देत नोयता! माहा श्वास बैल उधळल्यावानी पळाला.

ठकठक थांबली. अंजूचा आवाज आला. "मावशी, फोटो हालून राह्यला. पुन्यांदा घेते. पन श्वास असाच राह्यला तर आज होनार नाई."

तवा कोनीतरी माहा तळपाय धरला. स्नेहा. तिचा हात थंड होता. माह्यापेक्षा तेच जास्त भ्यायली होती. मशीनले नाई. मले.

पुन्हा आवाज सुरू झाला. या खेपेले घर्रर्र, मोठा, एकसारखा. हा आवाज मले ओळखीचा वाटला. थ्रेशर! आपलंच वावर, सोयाबीन निघून राह्यलं, भुसा उडून राह्यला, अन् उन्हात सारं पिवळं पिवळं. स्नेहा पाच महिन्याची होती त्या साली. एवढ्या आवाजात पोट्टी झोपे कशी, म्हनून बाया येऊन पाहत. ते झोपे माह्या पोटावर. बाभळीच्या सावलीत मी उतानी पडे, ते पोटावर पालथी, अन् माहं पोट वर-खाली झालं की ते पन वर-खाली. मी घाई केली की जागी होये. म्हनून मी श्वास सावकाश घ्यायले शिकली होती. मले कोनी शिकोलं नोयतं.

पट्ट्याचं वजन मले बरोबर तेवढंच वाटलं.

मी तिले झोपवाले लागली. घे माय. सोड माय. भुसा हळू हळू खाली बसला. मी पडल्या पडल्या चालाले लागली, कशी ते नका ईचारू, वावराच्या पाईपीच्या कडेकडेनं. पाईपीत पानी वाहे, ते मले ऐकू येये. धुऱ्यापाशी, वावराच्या बांधावर, मोठी झालेली स्नेहा उभी होती, अन् तिच्या गळ्यातून काळे मनी एक एक करून मातीत पडून राह्यले होते. मी वाकली नाई. असू दे, म्हनलं. पडू दे. मनी पेरल्यानं काही उगवत नाई अन् काही मरत नाई. तू झोप. ते झोपली. पोट वर आलं, खाली गेलं. खाली गेलं की कुठंतरी टक् असा आवाज होये, अन् पानी पुढं सरके. किती वेळ चाललं हे, मले ठाव नाई. मले तिथून निघूच वाटत नोयतं.

"झालं मावशी!" अंजू म्हनली. "झोपल्या का? लय सुंदर श्वास दिला तुमी."

दुपारी निता मॅडमनं फोटो पडद्यावर लावला. मधी रक्ताच्या नळीची एक जाड फांदी, दोन बाजूले किडनीकडं जानाऱ्या दोन बारक्या. डावी नीट गेलेली. उजवी बुडाशीच आवळलेली, दोरा गुंडाळल्यासारखी.

"हे पाहा," त्या म्हनल्या. "याच्यानं बीपी. आता नळी उघडायची का, गोळ्या बदलायच्या, ते मी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवते. पन गुन्हेगार सापडला. तुमच्या स्वभावावर केस नाई."

इंद्रभानच्या डोळ्यात टचकन पानी आलं. त्यानं माहा हात धरला, भर दवाखान्यात. सहा वर्षं या मानसानं मले शांत राय म्हनलं, अन् आता तोच हुंदके देऊन राह्यला.

मॅडमनं फोटोची फिल्म पाकिटात घालून देली. बाहेर येऊन आमी बाकड्यावर बसलो. स्नेहानं ओढनी पुन्हा गळ्याभोवती घट्ट घेतली होती. मी पाकिटातून फिल्म काढली अन् उजेडात धरली.

"पाय. हालला हाये का फोटो?"

"नाई आई. क्लिअर हाये एकदम."

"पहिला हालला होता. हा नाई हालला." मी फिल्म तिच्या मांडीवर ठेवली. "अन् मी आत जायच्या आधी तुहा गळा पायला होता."

इंद्रभानचं बोट सवयीनं ओठाकडं गेलं. अर्ध्यावर थांबलं. मंग त्यानं हात खाली घेतला.

"सांग," मी म्हनलं. "पहिल्यापासून सांग. मले सारं ऐकता येते, हे पाय, लेखी हाये."

तिनं ओढनी सोडली. बोलाले लागली तर पहिले नुसतं रडूच आलं. मंग हळू हळू निघालं. रवी हात उचले. एकदा नाई, वर्षभर. इथं याच्या आधी तीन महिने ते पुन्यातच एका मैत्रिनीकडं राहत होती. माह्या बीपीपायी तिनं मले फोनवर रोज सांगतलं होतं, सारं मजेत हाये आई.

"मी वापस नाई जानार," ते म्हनली.

"कोन धाडते वं तुले?"

मी तिचं डोकं पोटाशी धरलं. अन् मंग मले राग आला. भल्ला राग आला. मी त्या रवीले, त्याच्या बापाले, पुन्याले, साऱ्याले भर रस्त्यावर असं काही बोलली की रिक्षावाले थांबून पाहाले लागले. स्नेहा रडता रडता हासली. अन् सहा वर्षांत पहिल्यांदा मले कोनी शांत राय म्हनलं नाई.