शुक्रवारी, एक वाजून वीस मिनिटांनी

दाभोळच्या ऑफिसातला सर्व्हर सहा वर्षं जुना. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या नोंदी त्यावर जमत, आणि अक्षया त्या रत्नागिरीच्या मुख्य ऑफिसातून फोनच्या लाइनवरून उतरवून घेई. त्यातलं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी मूळ प्रणाली, इतकं जुनाट झालं होतं की महिन्यातून दोनदा तरी मशीन गप्प व्हायचं. मग रत्नागिरीचे साहेब ठरलेलं बोलायचे, "त्या इद्रीसनंच कायतरी हात लावला असणार. आणखी एकदा बंद पडू दे, घरीच बसवतो त्याला."

इद्रीस दाभोळचा एकुलता ऑपरेटर. कंत्राटी, पदरात तीन मुली.

अक्षयाने ठरवलं, नवं लिनक्स इथूनच चढवायचं, आणि तेही शुक्रवारी दुपारी. तेव्हा इद्रीस ऑफिसला कुलूप घालून जुम्म्याच्या नमाजाला जातो. बिघडलंच तर खापर आपल्यावर फुटेल, त्याच्यावर नाही.

आठवडाभर तिने थोड्या थोड्या फाइली पाठवल्या, एकेक तपासली. नवं चालू होताना अडलंच तर मशीनने आपणहून जुन्यावर परतावं, अशी तजवीज केली. शुक्रवारी एक वीसला तिने रीबूटची आज्ञा दिली. लाइन तुटली. मध्ये दोन खाड्या. आता फोन लावत बसण्यापलीकडे हातात काही नव्हतं. चार वेळा नुसतीच रिंग वाजली. पाचव्यांदा पलीकडचा, सर्व्हरला फोनशी जोडणारा मोडेम शीळ घालत बोलला. नवं लिनक्स, नोंदी सगळ्या जागच्या जागी. ती एकटीच हसली.

अहवालात तिने मुद्दाम लिहिलं: 'या वेळी दाभोळ कार्यालयात कोणीही नव्हते.'

साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "कोणीच नव्हतं?"

"नाही सर. इद्रीसभाईंचा यात काही संबंधच नाही."

"मग संबंध नसलेला माणूस पोसायचा कशाला?"

"सर, तिथे लाइट गेली, केबल निघाली तर..."

"इथून जमतं, हे तूच लिहिलंयस ना? छान काम केलंस."

महिनाअखेरीला इद्रीसचा फोन आला. "मॅडम, पत्र मिळालं. सोबत तुमच्या रिपोर्टची झेरॉक्स लावलीय."

"इद्रीसभाई, मी तुम्हाला सांभाळायलाच..."

"असेल हो. पण आधी एक फोन करायचा होतात. एक जुम्मा चुकवला असता मी. अल्ला माफ करतो, ऑफिस नाही करत." तो जरासा हसला. "बरं, मी निघतो. मशीन चालूच ठेवून जाऊ ना?"

"हो," अक्षया म्हणाली. "चालूच ठेवा."