सख्खे भाऊ

"त्या दोघांना भाऊ केलं तर?" टॅम्सिनने विचारलं, आणि केकचा तुकडा तोंडाशी नेता नेता तिचा हात थबकला.

ती लंडनहून लिव्हरपूलला बर्नार्ड लोहच्या घरी आली होती ती त्याच्या सहा कादंबऱ्यांवर टीव्ही मालिका करायला. कादंबऱ्यांत तोर्व आणि अशीन असे दोन नावाडी होते. मिठाच्या राज्यातल्या रुंद नदीवरून ते माणसांना नेत, भुतांना नेत, एकदा तर आजारी ड्रॅगनलाही त्यांनी पैलतीरी पोचवलं होतं. ते ना या काठाचे होते, ना त्या काठाचे. एकमेकांवर मात्र जीव टाकत.

"फक्त पहिल्या काही भागांपुरतं," ती घाईने म्हणाली. "पैसे घालणारे घाबरतात हो. म्हणतात, घरी सगळे मिळून बघणार. एकदा लोकांना लळा लागला की बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे... प्रयत्न करू." पोरगी खोटं बोलणारी नव्हती. तिने मान खाली घातली.

बर्नार्डला राग आला नाही. अडुसष्टाव्या वर्षी असल्या गोष्टींचा राग येत नाही. त्याचे वडील शांघायचे खलाशी. तो रांगत होता तेव्हा बोटीवर गेले ते गेलेच. आई नोरा आयरिश. शाळेतली पोरं त्याला चिनी म्हणून चिडवत आणि चिनी वस्तीतले म्हातारे 'आयरिशणीचा' म्हणून हाक मारत. पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशक म्हणाला होता, "लोह? लोकांना वाटेल चिनी स्वयंपाकाचं पुस्तक आहे." मुखपृष्ठावर 'बर्नार्ड लॉसन' छापून आलं. तोर्व-अशीनला जिवलग मित्रच ठेव, असंही त्याने बजावलं होतं. तेही बर्नार्डने ऐकलं. चौथ्या पुस्तकात मात्र त्याने त्या दोघांना एका अंथरुणावर निजवलं. खप घसरला. सहाव्यानंतर प्रकाशक फोनवर येईनासा झाला, आणि निवृत्त होईपर्यंत बर्नार्ड पोस्टात पत्रं निवडत राहिला.

आता मालिका आली की सगळी पुस्तकं पुन्हा निघणार होती. आणि या खेपेला 'लोह' याच नावाने.

चहाचं निमित्त करून तो स्वयंपाकघरात गेला. एमरिस किटलीपाशी उभा होता. वेल्समधल्या खेड्यातला हा माणूस जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवत आला होता. त्याचे गाजरासारखे लाल केस आता पांढरे झाले होते.

"ऐकलंस?"

"भिंत पातळ आहे. ऐकलं."

"काय करू?"

"सही कर, दुसरं काय! इतकी वर्षं कुढतोयस. मरायच्या आधी दुकानात स्वतःचं नाव तरी बघशील."

"आणि ते भाऊ?"

"त्यात नवीन काय आहे? मिसेस गॅफनीकडे खोली घेतली तेव्हा तू काय सांगितलं होतंस?"

मावसभाऊ आहोत, असं सांगितलं होतं. म्हातारीने बर्नार्डचे डोळे पाहिले, एमरिसचे केस पाहिले, आणि थंडी पडल्यावर गरम पाण्याची एकच पिशवी आणून दिली. "भावांना एक पुरेल," एवढंच बोलली. आठवून दोघंही हसले. मग एमरिसचं हसू ओसरलं.

"तुझ्या आईच्या मयतीला मात्र मला भाडेकरू म्हणालास. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो मी."

तो रागाने बोलला नाही. कप पुसता पुसता बोलला. बर्नार्ड तबक उचलून बाहेर आला.

टॅम्सिनने कराराचे कागद पुढे सरकवले. बर्नार्डने पेनाचं टोपण काढलं. मागोमाग एमरिस दूध घेऊन आला, तशी ती सौजन्याने म्हणाली, "आणि तुम्ही? बर्नार्ड यांचे...?"

या प्रश्नाचं उत्तर आजवर बर्नार्डच देत आला होता. त्याने तोंड उघडलंही. पण एमरिस आधी बोलला.

"भाऊ. सख्खा. मी आईवर गेलोय."

टॅम्सिन खळखळून हसली. दुसरं कुणी हसत नाही हे लक्षात येताच तिचं हसू विरलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बर्नार्डने पेनाला टोपण लावलं. "हा एमरिस," तो म्हणाला. "माझा माणूस. आणि ते दोघे भाऊ नाहीत. हे चालत असेल तर कळवा."

"नाही चालणार," ती हळूच म्हणाली. तिने कागद गोळा केले. दारात घुटमळली. "चौथं पुस्तक मी चौदाव्या वर्षी वाचलं होतं. ते एकच पान, कितीदा तरी."

ती गेल्यावर एमरिस खेकसला, "हे काय करून बसलास? सही कर म्हटलं होतं ना मी?"

"मग भाऊ कशाला म्हणालास?"

"जीभ घसरली." एमरिस त्याच्या शेजारी बसला. त्याने विचारलं, "वाईट वाटतंय?"

"हो," बर्नार्ड म्हणाला. "फार."

मालिका झाली नाही. पुस्तकंही निघाली नाहीत. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकावर मालिका काढली. राजपुत्र, तलवारी, ड्रॅगन, आणि शहरभर जाहिराती. बाजार करून परतताना दोघं बसथांब्यावर आले, तर तिथल्या काचेतही तीच, पुरुषभर उंचीची जाहिरात. लेखकाचं नाव ठळक अक्षरांत झळकत होतं. बर्नार्ड बघत राहिला.

एमरिसने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, थोडा सरकला आणि काचेला पाठ लावून बरोबर त्या नावापुढे उभा राहिला. पाठ चांगली रुंद होती. ड्रॅगनची शेपटी तेवढी बाहेर उरली.

"रात्री मासे तळू?" त्याने विचारलं.

"तळ."

बसला अजून अवकाश होता. एमरिस जागचा हलला नाही.