ईनोसचं झाड

या, असे जवळ सरका. आमच्या जमैकाच्या डोंगरातल्या झिल्पामावशीची गोष्ट सांगतो. मन मात्र इथेच असू द्या.

"झिल्पा, या झाडातला भुंगा जगात कुणी पाहिलेला नाही!" थ्रेलफॉल पाद्री मावशीच्या अंगणातल्या नीरफणसाला कान लावून उभे होते. आत अळ्या लाकूड कुरतडत होत्या. पाद्रीबाबांच्या टोपीत नेहमी चार-दोन किडे वळवळत, प्रवचनातही शिरत. माणूस मोठा लोभस.

"राहू दे की त्याला. मी काय भाडं मागते?"

"पण अळ्या काढायच्या तर खोड फोडावं लागेल."

मावशीचं हसू मावळलं. "याच्याखाली माझ्या ईनोसची नाळ आहे, बाबा."

मूल जन्मलं की आम्ही नाळ पुरून वर रोप लावतो. ते झाड त्या मुलाचं. ईनोस दर्यात बुडाला, देहही हाती आला नाही. लेकाशी बोलायला मावशीला एवढीच जागा.

पाद्रीबाबांनी बायबलवर हात ठेवला. "कुऱ्हाड लागणार नाही. शब्द देतो."

शनिवारी मावशी बाजारातून परतली, तर अंगणात नको तेवढं ऊन. झाड आडवं पडलेलं, खोड उभं चिरलेलं. शेजारचा बार्टली कुऱ्हाड घेऊन तसाच थिजला.

"मावशी, तू हो म्हणालीस असं वाटलं गं... पाद्रीच सांगतायत म्हटल्यावर..."

पाद्रीबाबा बाटली नाचवत आले. "सापडला! झाड पोखरलेलंच होतं, झिल्पा, आज ना उद्या पडलंच असतं. आणि ऐक, भुंग्याला ईनोसचं नाव देतोय. विलायतेत छापून येईल!"

"त्या नावावर बाप्तिस्म्याचं पाणी तुम्हीच शिंपडलं होतंत, बाबा," मावशी म्हणाली आणि ढलप्या गोळा करू लागली.

आमच्या देवळात पाद्री गीताची ओळ वाचत, मावशी सूर उचले, मग सारी मंडळी गाई. तिच्या सुरावर तर दगडालाही देव आठवावा! त्या रविवारी पाद्रीबाबांनी ओळ वाचली. मावशी आपल्या जागी होती, ओठ मिटून. त्यांनी पुन्हा वाचली. बार्टलीने मान खाली घातली. कुणीच सूर घेतला नाही. खिडकीबाहेर किडे तेवढे गात होते.

मायबाप, कधी प्रार्थनेला बसाल तेव्हा ईनोसची आठवण ठेवा. बाटलीतल्या नव्हे, झिल्पामावशीच्या.