पहिल्या सीझनचे अकरा हिट

टॅलिस कोल्डस्टोअर कंपनीने पंधरा वर्षं पदरी बाळगलेली आपली बेसबॉलची टीम बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्या टीमचा इतिहास लिहायचं काम चारुदत्तकडे आलं. दुसऱ्या कोणाकडे जाणार? मूळचा पुण्याचा, पेशाने रेफ्रिजरेशन इंजिनिअर, आणि लोकांच्या लग्नपत्रिका हातात पडल्या की पेन्सिल काढून त्यातल्या चुका दुरुस्त करणारा माणूस. शिवाय ब्लॅकटाउनच्या मैदानावर टीमचा स्कोअर पहिल्या दिवसापासून त्यानेच लिहिला होता. 'तुम्हा इंडियन्सना क्रिकेट येतं, मग हेही येईल' म्हणत मालकाने त्याच्या हाती कागद दिले होते, आणि त्यात काय एवढं, म्हणत त्यानेही ते घेतले होते.

कंपनीने टीम गोदामासारखीच चालवली. खेळाडूंना पगार, सामना नसेल त्या दिवशी गोदामात शिफ्ट, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, गणित तर फारच सोपं होतं. दर सामन्यामागे त्याच्या नावावर पाचाहून जास्त रन लागले की पुढचा करार नाही. मालकाशी वाद घालायची सोय नव्हती.

पहिलं प्रकरण चारुदत्तने झोकात लिहून टाकलं होतं. त्यात बावीस वर्षांचा पिचर लॉकी डन होता, ज्याच्यावर सगळ्यांची मदार होती. त्याचा आकडा गेला पाच पूर्णांक सातवर आणि कंपनीने त्याला नारळ दिला. 'पहिल्याच वर्षी लॉकीचा हात गेला,' असं चारुदत्तने लिहिलं होतं. कंपनीत सगळे तसंच म्हणायचे.

मग मार्केटिंगमधल्या ऋतिकाने फोटोंसाठी जुने व्हिडिओ पाठवले. शनिवारी दुपारी चारुदत्त आपले जुने कागद शेजारी घेऊन ते बघायला बसला. लॉकीने चेंडू टाकला, फटका बसला, चेंडू सरपटत सरळ फील्डरकडे गेला आणि त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. चारुदत्तने कागदावर पाहिलं. त्याच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, हिट.

क्रिकेटमध्ये झेल सुटला तर रन फलंदाजाला मिळतात आणि ज्याने झेल सोडला त्याचं नाव स्कोअरमध्ये कुठेच येत नाही. बेसबॉलमध्ये तशी सुटका नाही. फटका चांगला होता की फील्डर चुकला, हे स्कोअर लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. चांगला असेल तर हिट, आणि चूक असेल तर फील्डरच्या नावावर एरर. एररमुळे गेलेले रन पिचरच्या माथी मारत नाहीत.

चारुदत्तने हा नियम वाचला नव्हता असं नाही. पण ते फील्डर सोमवार ते शुक्रवार त्याच्याबरोबर डबा खायला बसायचे. बिचाऱ्याने प्रयत्न तर केला, उगाच त्याचं नाव कशाला लावायचं, असं म्हणून त्याने सगळ्यांच्या चुका पोटात घातल्या होत्या. दुसऱ्या वर्षी लीगच्या माणसाने कान टोचले, तेव्हा तो सुधारला. पहिल्या वर्षाचे कागद मात्र पुन्हा कोणी उघडलेच नाहीत.

संध्याकाळपर्यंत असे अकरा हिट सापडले. लॉकीचा हात गेला नव्हता. चारुदत्तच्या चांगुलपणात गेला होता तो लॉकी.

"इतक्या वर्षांनी हे कोण बघणार आहे?" तो बायकोला, चित्राला म्हणाला.

"तू बघितलंस ना," चित्रा म्हणाली. "आता पुस्तकात काय, हात गेला हेच ठेवणार आहेस?"

लॉकी आता पेंडल हिलला राहायचा आणि लोकांची लॉन कापून द्यायचा. रविवारी चारुदत्त लॅपटॉप घेऊन त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसला. वाटेत जुळवलेली वाक्यं ऐन वेळी आठवेनात, म्हणून त्याने जे होतं ते सांगून टाकलं आणि व्हिडिओ लावला.

लॉकी बघत होता. चौथ्या व्हिडिओला त्याने हात वर केला. "थांब. हा हिटच आहे, मेट. हा कोणाच्या बापाला अडला नसता."

"अरे, पण हा तुझ्या नावावर..."

"हिट आहे म्हटलं ना. तुझ्या यादीतून खोड तो."

नवव्यालाही त्याने तसंच केलं. उरले नऊ. चारुदत्तने आकडा पुन्हा मांडला. पावणेचार आला.

लॉकीने वाकून आकडा पाहिला. "दोन वर्षं फिजिओकडे जात होतो मी," तो म्हणाला. "त्याला काही सापडेना. खरं सांगू, हात दुखतच नव्हता. आकडे बघून मला वाटलं, दुखत असणार."

चारुदत्तला वाईट वाटलं, इतकं की मान वर करवेना. "पुस्तकात लिहितो. माझ्या नावानिशी लिहितो."

"लिही."

ऊठसूट 'नो वरीज' म्हणणारा हा माणूस, पण आज ते म्हणाला नाही. त्याने घराच्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. केली हात पुसत बाहेर आली.

"हिला तू सांग," लॉकी म्हणाला. "मी सांगितलं तर हिला वाटेल, माझं पुन्हा सुरू झालं."

चारुदत्त उभा राहिला. "केली, लॉकीचा हात कधीच गेला नव्हता. तो चांगला पिचर होता."

केलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग चारुदत्तकडे. "मग कोणाचं चुकलं?"

"माझं," चारुदत्त म्हणाला, आणि पहिल्या सामन्यापासून सांगू लागला.