गुलाबी पाण्याची बादली

पद्माकररावांनी उभी नोकरी दिल्लीच्या सरकारी कचेरीत काढली, आणि तीही फाइलीवर चहाचा एक डाग पडू न देता. निवृत्त झाल्यावर सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडलं आणि दादरीच्या पुढच्या एका गावात पाच गाई घेऊन ते राहू लागले. हौस दांडगी होती, पण धार काढता येत नव्हती. त्यासाठी गावातला हरिदास ठेवला होता. पन्नाशीचा, कामापुरतं बोलणारा माणूस.

गोठा इतका चकचकीत, की कुसुमावतीबाई म्हणत, "अहो, याच्या निम्मं लक्ष माझ्या स्वयंपाकघराकडे दिलं असतंत तर!"

दूध नोएडाच्या एका डेअरीला जाई. डेअरी कच्च्या दुधातले जिवाणू मोजायची. एका मिलिलिटरमध्ये पाच लाखांपर्यंत चालतील, पुढे नाही. तीनदा नापास झालं की दूध घेणं बंद. पद्माकररावांचा पहिला अहवाल आला आठ लाखांचा.

आयुष्यात कधी नापास न झालेला माणूस तो. त्यांनी सूत्रं हाती घेतली. बादलीभर पाण्यात जंतू मारणाऱ्या पोटॅश परमँगनेटचे खडे टाकून गुलाबी पाणी करायचं, त्यात मऊ सुती फडकं बुडवायचं आणि स्वतः वाकून पाचही गाईंची कास पुसायची. मगच हरिदासनं धारेला बसायचं. तिसऱ्या गाईपर्यंत पाणी चहासारखं तपकिरी होई. "बघ, केवढी घाण निघते," असं ते बायकोला समाधानानं सांगत.

दुसरा अहवाल एकोणीस लाखांचा आला.

आता दोष कुणाला द्यायचा? स्वतःला देण्याची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी डेअरीच्या दूध संकलन केंद्रावर, कॅन घेऊन उभ्या असलेल्या वीसेक माणसांसमोर ते म्हणाले, "हरिदास, हाथ दिखाओ." शाळेतल्या मास्तरासारखी त्यांनी त्याची नखं तपासली. "इन हाथों से दूध खराब होता है. जाओ, धोकर आओ."

हरिदासनं कॅन खाली ठेवला, नळावर हात धुतले आणि ओले हात पुढे धरून परत आला.

घरी पद्माकररावांनी जाहीर केलं, की रविवारपासून नवा माणूस येणार.

"तो बावीस वर्षं धारा काढतोय," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही कास कधीपासून पुसताय?"



आकडा सुधारण्याऐवजी चढला, म्हणून डेअरीच्या प्रयोगशाळेतली क्षिप्रा सकाळी गोठ्यात आली. मुलगी साताऱ्याकडची. पद्माकररावांना आधार वाटला. "बरं झालं आलीस. याचे हात तपास आधी."

तिनं कापसाच्या काडीनं हाताचे, कॅनचे आणि फडक्याचे नमुने घेतले. मग म्हणाली, "काका, ही पाचवी गाय आज मला द्या. हिला पाणी नको." तिनं कास कोरड्या कागदानं पुसली, हरिदासला पहिल्या चार धारा बाजूला सोडायला लावल्या आणि त्या गाईचं दूध वेगळं ठेवलं.

शनिवारी तिचा फोन आला. "काका, धुतलेल्या चार गाईंचं दूध बावीस लाख. न धुतलेलीचं साठ हजार."

"आणि हात?"

"हात ठीक आहेत. तुमच्या फडक्यावरचे जिवाणू मात्र मोजताच येईनात. पाणी तपकिरी झालं, की औषध संपलं म्हणून समजा. मग एकीची घाण सगळ्यांना लागते, आणि ओल्या कासेवरून तेच थेंब दुधात पडतात. गाईगणिक वेगळं, उकळून वाळवलेलं फडकं घ्या. आणि कास कोरडी करा, बस्स."

पद्माकररावांना लाज वाटली, आणि ती लपवायची कशी हेही लगेच सुचलं. नव्या माणसाला नको म्हणून कळवलं. दोरीवर पाच फडकी वाळू लागली. हरिदासला कारण कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

तिसरा अहवाल सत्तर हजारांचा आला. केंद्रावर लोकांनी पद्माकररावांचं अभिनंदन केलं. गुलाबराव म्हणून एक शेजारी हसून म्हणाले, "देखा बाबूजी, हाथ धुलवाने का असर!" सगळे हसले. हरिदास कॅनचं झाकण लावत होता, ते लावतच राहिला.

मान डोलावली असती तर विषय तिथंच मिटला असता. पद्माकररावांनी ती अर्धी डोलावलीही. मग त्यांच्याच्यानं राहवेना.

"इसके हाथ साफ थे," ते मोठ्यानं म्हणाले. "गंदा मेरा कपड़ा था. गलती मेरी थी, हरिदास. मैंने सबके सामने कहा था, इसलिए सबके सामने माफी माँगता हूँ."

हरिदासनं त्यांच्याकडे पाहिलं.

"हाथ दिखाइए, बाबूजी."

पद्माकररावांनी हात पुढे केले. हरिदासनं नखं पाहिली, तळवे पाहिले.

"धोकर आइए."

ते नळावर गेले आणि ओले हात पुढे धरून परत आले.

"गीले हैं," हरिदास म्हणाला, आणि खांद्यावरचं कोरडं फडकं काढून त्यानं ते स्वतः पुसले.