वीस मिनिटं पुढचं घड्याळ

घड्याळजींच्या दुकानात टोल्यांची सात घड्याळं टांगलेली आणि सातही वेगळी वेळ दाखवणारी. बिघडली म्हणून नव्हे! फुकट क्रिप्टो नाणी वाटणाऱ्या सात वेबसाइट त्यांनी धरल्या होत्या. प्रत्येक साइट ठरल्या वेळी नाण्याचा कणभर तुकडा देई; तोही जाहिरात बघून, चित्रांतल्या सायकली ओळखून, आपण माणूस असल्याचं सिद्ध केल्यावर. एकीचं दार दहा चाळीसला उघडे, म्हणून तिच्यासाठी एक घड्याळ वीस मिनिटं पुढं, म्हणजे त्याचे अकराचे टोले नेमके तेव्हाच. टोले पडले की घड्याळजींनी चिमटा टाकून मोबाईल उचललाच.

"अहो, देवानं एवढी नाजूक बोटं दिली ती काच घासायला?" बायको कातावली. "महिनाभरात जमलं किती?"

"तुला नाही कळायचं. शून्यं फार असतात."

"दिसतंय ना. एक समोरच बसलंय."

तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाई ताडताड आत आल्या. काखेत शाळेचं घड्याळ, कालच इथून दुरुस्त होऊन गेलेलं.

"बाराचे टोले पडले, मी पेपर गोळा केले. पोरं रडायला लागली. बाहेर येऊन ऑफिसातलं घड्याळ बघते, तर बाराला वीस कमी!"

घड्याळजींचा चेहरा खाडकन उतरला. दहा चाळीसच्या साइटसाठी हेच घड्याळ पुढं केलं होतं आणि काटे जागेवर न आणताच देऊन टाकलं होतं.

"उद्या नवाला पेपर पुन्हा घेतेय. घड्याळ घेऊन या आणि तीन तास त्याच्याखाली बसा, मोबाईल घरी ठेवून. जमत नसेल तर शाळेची घड्याळं यापुढं दुसरीकडं."

दहा चाळीसची साइट सलग तीस दिवस गाठली, तरच नाणी हाती पडणार होती. उद्या तिसावा.

"येतो, बाई," ते शेवटी पुटपुटले.

बाई गेल्या. घड्याळजींनी बायकोकडं पाहिलं. "अगं, उद्या तेवढं तू... काही नाही गं, माणूस असल्याचं सिद्ध करायचं फक्त."

"ते तुम्ही शाळेत जाऊन करा!"

टोल्यांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवत नाहीत. घड्याळजींनी शाळेचं घड्याळ खुंटीला अडकवलं, लंबक बोटानं धरला आणि खरी वेळ थांबलेल्या काट्यांना गाठेपर्यंत वीस मिनिटं तसेच उभे राहिले. मागं दुसऱ्या घड्याळाचे टोले पडले. मोकळा हात मोबाईलकडं निघाला.

बायको नुसती खाकरली.

हात परत आला.